लुचतंय म्हणजे पितंय असं नाही: मांजराच्या पिल्लांना पुरेसं दूध मिळतंय का, हे कसं पाहायचं

मांजर व्याली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओळखीच्यांचे फोन येतात. पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं: "पिल्लं दिवसभर आईला चिकटलेली असतात, पण त्यातलं एक जरा मरगळलंय." पुढचा प्रश्नही ठरलेला: "कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजू का?"

पिल्लू आचळाला चिकटलं म्हणून त्याच्या पोटात दूध जातंच असं नाही. आणि मरगळलेल्या पिल्लाच्या तोंडात आल्या आल्या दूध घालायचं नसतं. कामाचा क्रम असा: आधी ऊब, मग वजन, मग आईची तपासणी, मग आचळावरची जागा, आणि एवढं करूनही कमी पडलं तरच वरचं दूध. लोक नेमके शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात.

मीही तेच केलं होतं. पावसात जिन्याखाली सापडलेलं मूठभर पिल्लू घरी आणलं, दूध कोमट केलं आणि बोळ्याने पाजलं. दोन थेंब नाकातून बाहेर आले. रात्रीत ते गेलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, "ताई, भुकेने नाही गेलं ते. गार अंगात दूध गेलं म्हणून गेलं." त्या दिवसापासून मी हा क्रम मोडलेला नाही आणि दुसऱ्या कुणाला मोडू देत नाही.

पुढचं सगळं पहिल्या चार आठवड्यांच्या, आईजवळ असलेल्या पिल्लांसाठी आहे. आई नसलेल्या पिल्लांसाठी टप्पा ३, ४, ७ आणि ८ वाचा.

टप्पा १: व्यायच्या आठवडाभर आधीची तयारी

मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५. पोट दिसायला लागलं की सामान जमवून ठेवा, कारण रात्री दोन वाजता यातलं काहीच मिळत नाही.

- १ ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. माणसांचा काटा उपयोगाचा नाही. याच्याशिवाय बाकीचं सगळं अंदाजपंचे.
- वही आणि पेन. मोबाइलमध्ये नोंद करू म्हणणारे तिसऱ्या दिवशी विसरतात.
- आईला आडवं पसरता येईल एवढा खोका. पुढची कड आई ओलांडेल पण पिल्लू बाहेर पडणार नाही इतकी, म्हणजे वीतभर उंच.
- अंथरायला मऊ सुती कापड, जुनी साडी किंवा धुऊन वापरलेली चादर. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फाशांत नखं अडकतात. सुटे दोरे असलेली गोधडीही नको.
- गरम पाण्याची रबरी पिशवी, नाहीतर घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बाटली आणि ती घालायला जुना मोजा.
- टोक लवचीक असलेला डिजिटल थर्मामीटर. हा फक्त मांजरांसाठी ठेवायचा.
- सुई नसलेल्या १ आणि ३ मिलीच्या सिरिंज, दोन-चार.
- मांजराच्या पिल्लांसाठी असलेल्या दूध पावडरचा छोटा डबा, न फोडलेला. लागला नाही तर उत्तमच.
- मांजरं पाहणाऱ्या डॉक्टरांचा नंबर, आणि रात्री कोण फोन उचलतं याची चौकशी. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गुरं येतात. चार दिवसांचं पिल्लू तिथे पाहतात का, हे आधीच जाऊन विचारा.

खोका अंधाऱ्या, वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवा. त्या खोलीत फिनाईलने फरशी पुसू नका आणि डासांची कॉइल लावू नका. फिनाईलमधली रसायनं मांजरांना विषारी असतात. आई ते पायांवरून चाटते आणि पिल्लं तर फरशीपासून इंचभरच वर असतात.

सावधान: गाभण मांजरीला "दूध भरपूर येऊ दे" म्हणून मनाने कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका. गाभणपणी उगाच दिलेल्या कॅल्शियमने शरीराची स्वतःहून कॅल्शियम वापरायची सवय मोडते आणि व्यायल्यावर झटके येण्याचा धोका उलट वाढतो.

टप्पा २: पहिला दिवस, चीक पोटात जाऊ द्या

गाईचा चीक आपल्याला खरवसामुळे ठाऊक असतो. मांजरीलाही पहिल्या दिवशी चीकच येतो आणि रोगांशी लढायची ताकद पिल्लांना त्यातून मिळते. पिल्लाचं आतडं ही ताकद जन्मानंतरचे पहिले १६ ते १८ तासच शोषून घेऊ शकतं. त्यानंतर चीक प्यायला तरी त्याचा तो उपयोग उरत नाही.

म्हणून पहिल्या दिवसाचं काम एकच: प्रत्येक पिल्लू पहिल्या एक-दोन तासांत आचळाला लागलं का, ते पाहायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. पाचातली चार लागलेली दिसली की आपल्याला हायसं वाटतं, आणि पाचवं आईच्या पाठीमागे भलत्याच दिशेला तोंड हलवत बसलेलं असतं. त्याला उचलून आईच्या पोटाशी ठेवा.

पहिल्याच दिवशी पिल्लाचं तोंड उघडून टाळूही पाहून घ्या. टाळूला चीर असेल तर दूध नाकातून येतं आणि पिल्लू पोटभर पिऊच शकत नाही. असं पिल्लू लगेच डॉक्टरांना दाखवा.

तपासा: सगळ्या पिल्लांनी किमान एकदा चीक प्यायला का? सगळ्यांचं जन्मवजन वहीत आहे का?

टप्पा ३: दुधाआधी ऊब

पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही. अंगात स्वतःची उष्णता तयार करायची सोय अजून झालेली नसते, ते आई आणि भावंडांच्या उबेवर जगतं. अंग गार पडलं की आतड्याची हालचाल मंदावते, चोखायची ताकद जाते आणि पोटातलं दूध पचायच्या ऐवजी तसंच पडून राहतं. त्यात गिळणं नीट होत नसल्याने दूध फुप्फुसात जातं.

पिल्लू गार आहे का, हे पाहायला स्वच्छ धुतलेली करंगळी त्याच्या तोंडात घाला. आत ऊब लागली पाहिजे. तोंड गार लागलं तर पिल्लू आतून गार आहे. थर्मामीटर असेल तर टोकाला थोडं व्हॅसलीन लावून गुदद्वारात अगदी जरासं घालून पाहा. पहिल्या आठवड्यात ९५ ते ९८ अंश फॅरनहाइट ठीक. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ९७ ते १००. ९५ च्या खाली असेल तर दूध बंद, आधी ऊब.

ऊब हळूहळू द्यायची, तास-दोन तास घेऊन. सगळ्यात सोपं म्हणजे पिल्लू आपल्या कपड्यांच्या आत छातीशी धरायचं आणि वरून शाल घ्यायची. खोक्यात गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून फक्त अर्ध्या भागात ठेवा, म्हणजे नको वाटलं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. पिशवी दर दीड-दोन तासांनी पाहा. गार झालेली पिशवी पिल्लाची ऊब ओढून घेते, आणि पहाटे तीन ते पाच या वेळात नेमकं हेच होतं.

पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा साधारण २९ ते ३२ अंश सेल्सिअस हवी, दुसऱ्या आठवड्यात २७ ते २९. म्हणजे कोकणात पावसाळ्याच्या रात्री आणि घाटावर थंडीत ऊब लागणारच. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात मात्र पिशवीचं नावही काढू नका. तिथे पिल्लं तापून मरतात. ती एकमेकांपासून लांब पसरून, तोंड उघडं टाकून पडली असतील तर खोका गार खोलीत हलवा. पंखा थेट अंगावर नको.

सावधान: हेअर ड्रायर, गरम पाण्यात बुडवणं, गॅसजवळ धरणं हे सगळं टाळा. एकदम दिलेल्या उष्णतेने पिल्लू दगावू शकतं आणि कोवळी कातडी भाजते ते वेगळंच.

पिल्लू ऊब घेत असताना अगदीच निस्त्राण वाटलं तर साखरेच्या कोमट पाण्याचं बोट हिरडीवर फिरवा. एक थेंब, दोन थेंब. ओतायचं नाही.

टप्पा ४: वजन, दिवसातून दोनदा

पिल्लाच्या पोटात दूध जातंय की नाही हे खात्रीने सांगणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे काटा. रडणं, न रडणं, चिकटून असणं, गोड दिसणं यातलं काहीही फसवू शकतं.

काट्यावर एक वाडगा ठेवा, तळाला कापड घाला, काटा शून्यावर आणा, पिल्लू ठेवा, आकडा लिहा. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी. आई खायला उठते ती वेळ सगळ्यात बरी.

जन्मवजन साधारण ९० ते ११० ग्रॅम असतं. गावठी मांजरीची पिल्लं, त्यातही पाच-सहांची वीण असेल तर, जरा कमी भरतात. पहिल्या २४ तासांत वजन किंचित घटलं तर घाबरू नका, पण ही घट दहा टक्क्यांच्या आत हवी. त्यानंतर रोज १० ते १५ ग्रॅम वाढ. दोन आठवड्यांच्या आसपास जन्मवजन दुप्पट झालेलं असतं आणि महिन्याचं पिल्लू साधारण ४०० ग्रॅमच्या घरात असतं.

निर्णय असे घ्यायचे:

- रोज १० ग्रॅम किंवा जास्त वाढ: काही करू नका. हात लावायचा तो फक्त वजनापुरता.
- रोज ५ ते ९ ग्रॅम: टप्पा ५ आणि ६ आजच करा.
- चोवीस तासांत काहीच वाढ नाही: टप्पा ५ आणि ६ लगेच, आणि संध्याकाळपर्यंत वजन वाढलं नाही तर त्याच दिवशी वरचं दूध सुरू.
- पहिल्या दिवसानंतर वजन घटलं: डॉक्टर. उद्या नाही, आज.

सगळी पिल्लं एकाच रंगाची असतील तर गोंधळ होतो. काही जण गळ्यात दोरा बांधतात. तो फास बसतो, कधीच बांधू नका. एकाचे मानेवरचे केस जरासे कापा, दुसऱ्याचे कमरेवरचे, तिसऱ्याचे शेपटीच्या मुळाशी. केस परत वाढले की खूण पुन्हा करा.

आमच्या कपाटात झालेल्या चार पिल्लांच्या वेळची वही अजून माझ्याकडे आहे. मोठ्या बोक्याचे सकाळचे आकडे: ८८, ९७, १०९, १२२. सगळ्यात धाकटीचे: ८४, ८३, ८३. ती मुळीच रडत नव्हती, दिवसभर आईला चिकटलेली असायची, घरात सगळे तिला "शहाणी" म्हणायचे. काटा नसता तर चौथ्या दिवशी ती आम्हाला गार झालेली सापडली असती. तिचं पुढे काय केलं ते टप्पा ६ मध्ये सांगते.

तपासा: प्रत्येक पिल्लाच्या नावापुढे कालपेक्षा मोठा आकडा आहे का? एकाच्या पुढे जरी नसेल तरी पुढचे टप्पे आहेत.

टप्पा ५: आईला तपासा

दूध कमी पडतं तेव्हा लोकांचं सगळं लक्ष पिल्लांवर जातं. दूध तयार होतं ते आईच्या अंगात.

*तिचं खाणं.* आपल्याकडची सवय म्हणजे दूध-पोळी, दूध-भात, वर थोडी मलई. पाजणाऱ्या मांजरीला एवढ्यावर काहीच होत नाही. तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं आणि ते प्रामुख्याने मांसाचं. सगळ्यात सोपं म्हणजे मांजराच्या पिल्लांसाठी मिळतं ते खाद्य आईला पोटभर देणं, वाटी कायम भरलेली. त्यासोबत उकडलेलं चिकन, अंडं, काटे काढलेला मासा. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर अजिबात नको, तो मांजरांना विषारी आहे. घरात मांसाहार चालत नसेल तर तयार खाद्याची पाकिटं आणा, पण तिला वरण-भातावर ठेवून दुधाची अपेक्षा करू नका.

पहिले दोन दिवस आई पिल्लांना सोडून उठतच नाही. वाटी आणि पाणी तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर न्या. पाण्याचं भांडं उथळ आणि खोक्याबाहेर, पिल्लू त्यात पडता कामा नये.

*तिची आचळं.* मांजरीला बहुतेक वेळा आठ आचळं असतात, चार जोड्या. कोमट ओल्या कापडाने पुसून एकेक हलकेच दाबून पाहा. पांढरा थेंब यायला हवा. कोणत्यातून येतो आणि कोणत्यातून नाही, याची खूण वहीत करा. पर्शियन जातीच्या लांब केसांच्या मांजरीत आचळ केसांत हरवतं आणि पिल्लू केसच चोखत राहतं. आचळाभोवतीचे केस बोथट टोकाच्या कात्रीने जपून कमी करा.

एखादं आचळ लाल, कडक, तापलेलं असेल, हात लावल्यावर आई ओरडत असेल, दूध पिवळसर, घट्ट किंवा रक्ताळलेलं येत असेल, तर तो आचळाचा दाह आहे. डॉक्टरांकडे न्या. तोवर कोमट पाण्याचा शेक द्या.

*तिचं मन.* पहिलटकरीण असेल तर ती घाबरलेली असते. शेजारच्या मुलांना पिल्लं दाखवायची हौस पहिले दोन आठवडे आवरा. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो, पण ती उगाच फिरवत नाही. वर्दळ, उजेड, कुत्र्याचा वास यांपैकी काहीतरी तिला खुपत असतं, आणि हलवाहलवीत पिल्लांची प्यायची वेळ जाते. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही मात्र भीती सोडून द्या. हात साध्या साबणाने धुवा, आईच्या अंथरुणावर घासा आणि मग पिल्लू उचला.

सावधान: पाजणारी आई धापा टाकत असेल, पाय ताठ करत असेल, अंग थरथरत असेल, अडखळत चालत असेल, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असू शकतं. व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात हे होतं आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. पिल्लं बाजूला करून थेट दवाखाना. घाण वासाचा स्राव, ताप, खाणं पूर्ण बंद, यालाही डॉक्टरच. आणि माणसांचं पॅरासिटॅमॉल मांजरीला कधीही देऊ नका, एक गोळीही तिचा जीव घेते.

टप्पा ६: आचळावर नीट लावा

आता बसा आणि पाहा. मोबाइल बाजूला ठेवून वीस मिनिटं.

खरं पिणारं पिल्लू कसं दिसतं? आचळ तोंडात खोलवर, जीभ खालून वळलेली, नाक मोकळं. पुढचे पंजे आळीपाळीने आईचं पोट दाबतात, त्यानेच पान्हा सुटतो. जबड्याची लय संथ आणि एकसारखी असते आणि प्रत्येक घोटाला कानांची टोकं किंचित हलतात. कान हलताना दिसले की मला निम्मा धीर येतो. पिऊन झालं की पिल्लू आपोआप गळून पडतं, पोट गोलसर आणि मऊ असतं.

नुसतं चिकटलेलं पिल्लू भरभर, वरवर तोंड हलवतं. कान स्थिर. मधेच सोडतं, डोकं डावी-उजवीकडे फिरवतं, परत धरतं. पोट चपटं, मांड्यांपाशी कातडी सैल.

आमच्या धाकटीला मी अशीच बघत बसले होते. ती मागच्या टोकाच्या आचळावर होती. ते दाबून पाहिलं, थेंबही आला नाही. त्याच्या शेजारचं आचळ दाबताच पांढरा थेंब वर आला. त्यावर भला मोठा बोका पसरला होता. बोक्याला उचलून गरम कापडात ठेवलं. धाकटीच्या ओठांना तो थेंब लावला, तोंडाच्या कोपऱ्यात बोट घालून जबडा जरा उघडला आणि तिला आचळावर धरून ठेवलं. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा पंजे चालू लागले, मग कान. वीस मिनिटांनी काट्यावर ८३ चे ८६ झाले होते.

पिल्लं दोन-तीन दिवसांत आपापलं आचळ ठरवून घेतात आणि अंधारातही त्यावरच परत जातात. म्हणून एकदा जागा बदलून काम होत नाही. दिवसभर, दर दोन तासांनी तेच करावं लागतं, तेव्हा कुठे नवी जागा पक्की होते. आमच्याकडे दीड दिवस लागला.

कमजोर पिल्लाला रोज चार-पाच वेळा, मोठ्या भावंडांना पंधरा-वीस मिनिटं उबदार जागी बाजूला ठेवून, एकट्याने पिऊ द्या. पिल्लं सहा-सात असतील तर दोन गट करून पाळ्या लावा. आधी लहानांची पाळी, मग मोठ्यांची. बाजूला ठेवलेला गट गार पडू देऊ नका.

दूध नक्की किती गेलं ते कळायला पिण्याआधी आणि प्यायल्यावर लगेच, म्हणजे आईने चाटून शू करवण्याआधी, वजन करा. दोन-चार ग्रॅमचा फरक दिसायला हवा. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी एवढंच लागतं.

तपासा: दिवसभर हे करून संध्याकाळचं वजन सकाळपेक्षा वाढलं का? वाढलं असेल तर वरच्या दुधाचा डबा बंदच राहू द्या.

टप्पा ७: वरचं दूध, पूरक म्हणून

गाईचं दूध का नको? मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात, आणि गाईच्या दुधात लॅक्टोज जास्त. पिल्लाला जुलाब लागतात, पाणी जातं, आणि शंभर ग्रॅमच्या जिवात जायला पाणी असतं किती? पाणी घालून पातळ केलं तर जे थोडं पोषण होतं तेही निम्मं झालं. माणसाच्या बाळाची पावडरही या कामाची नाही. पिल्लांची पावडर हातात येईपर्यंत, नाइलाजाने एखाद-दोन वेळा शेळीचं दूध चालेल. त्यावर दिवस काढू नका.

1. हात आणि सिरिंज धुवा. सिरिंज उकळत्या पाण्यात घालून घ्या.
2. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच मिसळा. घट्ट केली तर शी अडते, पातळ केली तर जुलाब. गुठळ्या मोडा, फेस बसू द्या.
3. दूध मनगटावर टाकून पाहा. ना गार, ना चटका.
4. पिल्लाच्या तोंडाची ऊब परत एकदा करंगळीने तपासा. गार असेल तर टप्पा ३.
5. पिल्लू पोटावर, चार पायांवर ठेवा, जसं ते आईपाशी असतं तसं. हनुवटी जरा वर.
6. सिरिंजचं टोक तोंडाच्या बाजूने आत, जिभेवर. एक थेंब. गिळू द्या. मग दुसरा.
7. पिऊन झाल्यावर आपल्या हातावर पालथं धरून पाठीवर बोटाने हलकेच थोपटा, ढेकर येऊ द्या.

सावधान: बाळासारखं उताणं धरून कधीही पाजू नका. पिल्लांच्या मरणाचं घराघरातलं हेच मोठं कारण मी पाहिलं आहे, प्रेमाने मांडीवर उताणं घेतलेलं पिल्लू आणि वरून ओतलेलं दूध. बोळ्याने पाजण्यातही हाच धोका आहे. किती दूध पिळलं जातंय ते कळत नाही आणि कापसाचे तंतू पोटात जातात.

दूध नाकातून आलं तर लगेच थांबा, पिल्लाचं तोंड खाली करा, नाक पुसा. झटके देऊन हलवू नका. पुढच्या दिवसभरात श्वासाला घरघर, तोंड उघडून श्वास किंवा पिणं बंद झालं तर डॉक्टर.

किती द्यायचं? एका वेळी जास्तीत जास्त दर १०० ग्रॅम वजनाला ४ मिली. ८५ ग्रॅमचं पिल्लू असेल तर साडेतीन मिलीच्या आत. आईजवळ असलेल्या पिल्लाला आधी आईला लावा, मग पोट पाहून दिवसातून तीन-चार वेळा वरून द्या. बाटलीच्या नादाने पिल्लाला आईपासून तोडू नका; पिल्लं लुचली तरच आईचं दूध टिकतं.

आई नसेल तर पहिला आठवडा दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसरा आठवडा दोन-तीन तासांनी, तिसरा तीन-चार, चौथा चार-पाच. बाटली वापरणार असाल तर ती उलटी धरल्यावर बोंडातून दूध थेंबथेंब पडलं पाहिजे. धार लागत असेल तर भोक मोठं झालंय, बोंडी बदला.

कालवलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तासांच्या आत संपवा. पिऊन उरलेलं टाकून द्या.

टप्पा ८: शू-शी सांगते ती खबर

पहिले साधारण तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शू-शी करता येत नाही, आई चाटून करवते. आई नसेल किंवा ती चाटत नसेल तर पाजण्याच्या आधी आणि नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने शेपटीखाली हलकेच पुसा.

शू जवळजवळ पाण्यासारखी फिकी असेल तर दूध पुरतंय. गडद पिवळी असेल तर कमी पडतंय. शी पिवळसर तपकिरी, टूथपेस्टसारखी हवी. पातळ, हिरवट किंवा पांढुरकी असेल तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. हिरड्या ओल्या आणि गुलाबी हव्यात. बोटाला चिकट लागल्या तर अंगातलं पाणी कमी झालंय. पांढुरक्या दिसल्या तर पिसवा पाहा. लहान जिवाचं रक्त त्या खरोखर संपवतात. पिसवांचं औषध या वयात लावू नका, बारीक दातांच्या फणीने काढा.

पोट ढोलासारखं ताणलेलं आणि पिल्लू सतत ओरडतंय, हे पोट भरल्याचं लक्षण नाही. त्यावर आणखी दूध पाजू नका.

रस्त्यावरची आई असेल तर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माळ्यावर, बंद गाडीखाली पिल्लं दिसली की लोक लगेच उचलून आणतात. थांबा. आई खाणं शोधायला काही तास बाहेर असते. पिल्लं एकमेकांना बिलगून शांत झोपलेली, अंगाने स्वच्छ आणि ऊबदार असतील तर त्यांना आई आहे. पिल्लांभोवती गव्हाच्या पिठाचं पातळ कडं करा आणि निघून जा. चार-पाच तासांनी पिठात पंजे उमटलेले असतील तर ती येऊन गेली. मग तुमचं काम आईला रोज खाणं-पाणी देणं, पिल्लांपासून जरा दूर, म्हणजे कावळे-कुत्री तिकडे फिरकणार नाहीत.

पिल्लं गार, मळलेली, एकसारखी ओरडत असतील, पावसात भिजत असतील किंवा मुंग्या लागल्या असतील तर वाट पाहू नका. उचला, आणि टप्पा ३ पासून सुरू करा.

टप्पा ९: चौथ्या आठवड्यानंतर

पिल्लं आईच्या वाटीत तोंड घालायला लागली की पिल्लांचं ओलं खाद्य, थोडं वरचं दूध मिसळून, पसरट ताटलीत द्या. पहिले दिवस ती त्यात पायच घालतील, पुसून घ्या. वजन आता दिवसाआड केलं तरी चालेल, पण बंद करू नका. खाणं बदलताना पुष्कळदा वाढ अडते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कुणाला देऊ नका. आणि आईला पाजत असतानाही परत दिवस राहू शकतात, म्हणून तोवर तिला घरातच ठेवा आणि दूध आटलं की नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांना विचारून घ्या.

वही मात्र पिल्लासोबत नव्या घरी द्या. धाकटी गेली तेव्हा तिच्या पानावर शेवटचा आकडा होता ८१० ग्रॅम.